अमीनसाहेबांचं नाक

"नाही मुन्शीजी, अजून आला नाही."

डोळे मिटून, काचेचा पेला नाकाखाली धरून आमचे अमीनसाहेब हे म्हणत, आणि मी दौतीत बुडवलेला टाक पुन्हा पुसून ठेवत असे. न आलेला असायचा तो शब्द. पेल्यातल्या दारूचा वास नेमका कशासारखा आहे हे सांगणारा शब्द. तो येईपर्यंत कचेरीचं काम थांबायचं. कधी घटकाभर, कधी आख्खी दुपार.

तुमच्याही नशिबी असा एखादा साहेब आला असेल. आला असेल तर मी काय सोसलं ते तुम्हाला निराळं सांगायला नको.

निजामाचा अंमल होता. धाराशिवला सरकारी कागदावर उस्मानाबाद म्हणत. मी दारूवरचा कर बघणाऱ्या आबकारी कचेरीत उर्दू लिहिणारा कारकून होतो. बार्शीकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून, चोरून आणलेल्या विलायती वाइनच्या बाटल्या नाक्यावर पकडल्या जात. लाल असायच्या, पांढऱ्या असायच्या, आणि बहुतेकांच्या चिठ्ठ्या खरवडलेल्या असायच्या. आतला माल खरोखर विलायती आहे की कुणी इथंच रंग घालून केलाय, हे ठरवून अमीनसाहेबांनी अहवाल द्यायचा. गुन्ह्याचं कलम त्यावर ठरायचं.

साहेब पाच वेळचे नमाजी. दारूचा थेंब त्यांच्या ओठाला कधी लागला नाही. तरुणपणी हैदराबादेला करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, गोदामात नोकरीला असताना एका म्हाताऱ्या पारशी व्यापाऱ्यानं त्यांना नुसत्या वासावरून वाइन ओळखायला शिकवलं होतं. "तोंडाला लावायची गरज काय? नाक अल्लानं तोंडाच्या वर बसवलंय," असं ते म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात एका बाटलीपुढं मी लिहून टाकलं, लाल, आंबूस. साहेबांनी ओळ खोडली. "लाल म्हणजे किती लाल? आणि आंबूस काय? ताक आंबूस, चिंच आंबूस, रुसलेली बायकोपण आंबूस. तुम्ही कोणतं लिहिलंत?" मग मला दोन तास बसवून त्यांनी सांगितलं, तेव्हा ती बाटली अशी झाली: जांभळाची बी चोखून टाकल्यावर जीभ जशी आखडते तसा तुरटपणा, मागून नव्या चामड्याचा वास, आणि तळाला किंचित धूर. दुसरी एक पांढरी होती. तिला कैरीची साल आणि पाणी मारलेली खडी लागली. कचेरीचे वरिष्ठ मोहतमीमसाहेब, त्यांच्याकडून उशिराबद्दल विचारणा यायची, ती माझ्या नावावर. साहेब म्हणायचे, लिहा की तपास चालू आहे.

एकदा संक्रांतीला मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आमटीची वाटी त्यांनी नाकाशी नेली आणि फार प्रेमानं म्हणाले, "वहिनी, कढीपत्ता कालचा आहे का?" होता कालचाच. पण त्यानंतर चार दिवस माझ्या बायकोनं मला आमटी वाढली नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. वैद्यबुवांच्या प्रकरणात मात्र माझं डोकं फिरलं.

भूमजवळच्या एका गावात हे वैद्यबुवा राहत. सत्तरीचे असतील. त्यांच्या द्राक्षासवावर कितीतरी बाळंतिणी आणि म्हातारी माणसं उभी राहिली होती. माझी आई तापातून उठली ती त्यांच्याच औषधानं. त्यांच्यावर जळणाऱ्या कुणीतरी अर्ज केला, की वैद्य औषधाच्या नावाखाली शराब गाळतो. शिपायांनी झडतीत दोन बाटल्या उचलल्या, एक लाल आणि एक पांढरी, आणि बुवांना धाराशिवला आणून हवालातीत बसवलं. खटला ज्यांच्यापुढं होता त्या मुन्सिफांनी अमीनसाहेबांचा अहवाल मागवला.

दोन्ही बाटल्यांपुढं 'दवा' असा एक शब्द लिहायचा की काम झालं. मी कागद तयार करून नेला.

साहेब रुमाल नाकाला लावून बसले होते. मार्गशीर्षातली थंडी त्यांना बाधली होती. नाक गच्च बंद. ते म्हणाले, वास येत नाही, सही करता येत नाही.

मी सांगितलं की कचेरीतल्या दोघांनी लाल बाटली चाखून बघितलीय आणि दोघंही औषधच म्हणतात. तर म्हणाले, दुसऱ्याच्या नाकानं मी सही कशी करू? तीन दिवस गेले. तारीख पुढं गेली. म्हातारा माणूस गार फरशीवर पडलेला आणि इथं हे शिंकतायत. चौथ्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. साहेबावर ओरडण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. त्यांनी ऐकून घेतलं. त्याच दिवशी बुवांना घोंगडी आणि घरचं जेवण मिळावं अशी चिठ्ठी मात्र त्यांनी हवालातीच्या जमादाराला पाठवली. मला ते जमादाराकडून कळलं.

मी बुवांना भेटायला गेलो आणि उशीर कशानं होतोय ते सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. कफ सुटतोय का, कपाळ दुखतं का, जेवणात दही असतं का. मग म्हणाले, "ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी हुंगायला सांगा त्यांना. तुळस अन् गवती चहा घालून वाफ घ्यायची. दही बंद. दोन दिवसात मोकळं होतंय बघा."

बुवांच्या बायको गाडीनं आल्या होत्या आणि वेशीजवळच्या नातलगाकडं उतरल्या होत्या. त्यांनी लगेच ओव्याची पुरचुंडी बांधून दिली. ती मी साहेबांपुढं ठेवली. ते म्हणाले की आरोपीच्या घरची वस्तू घेता येणार नाही. मी कपाळाला हात लावला. मग त्यांनीच तोड काढली. "कृती घेतो. ओवा माझा." शिपायाला पेठेत पाठवून त्यांनी ओवा आणवला.

ओवा हुंगायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी नाक उघडलं.

लाल बाटली त्यांनी आधी घेतली. फार वेळ लागला नाही. मनुका, गूळ, धायटीची फुलं, नागकेशर, दालचिनी, वावडिंग, सगळं एकेक करून सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की घडा ज्वारीच्या राशीत पुरून ठेवला होता. "दवा आहे. लिहा."

मग पांढरी. पेला नाकाशी गेला आणि तिथंच राहिला. डोळे मिटलेले. दुपारच्या नमाजाची वेळ झाली, ते उठून गेले, परत आले, पुन्हा पेला घेतला. शेवटी म्हणाले, "यात दवा काही नाही, मुन्शीजी. नुसतं द्राक्ष आहे. ही वाइन आहे."

मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, साहेब, यातलं दुसऱ्या कुणालाही काही कळणार नाही. तुमचं नाक त्या माणसानं उघडलं, त्याची तरी जाण ठेवा.

"त्यानं नाक उघडलं, म्हणून तर कळलं ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आता कळल्यावर काय लिहू?"

त्यांनी सांगितलं आणि मी दात खाऊन लिहिलं: रंग, वाळत्या गवतावर ऊन पडल्यासारखा. वास, पहिल्यांदा मधाच्या पोळ्याचा, मग लिंबाच्या कोवळ्या पानाचा, आणि सगळ्यांत शेवटी ओल्या वाळ्याचा. करणाऱ्यानं घाई केलेली नाही.

हे शेवटचं वाक्य अहवालात कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, खरं आहे म्हणून.

मुन्सिफांपुढं अहवाल वाचला गेला. अर्जदाराचा वकील लालही दारूच आहे म्हणून भांडला. मुन्सिफ म्हणाले, ज्यानं पांढरीला सोडलं नाही तो लालबद्दल खोटं कशाला लिहील? आसव करायला बुवांना मोकळीक मिळाली. पांढरीबद्दल त्यांना दंड झाला, आणि तिचा घडा फोडायचा हुकूम निघाला.

बाहेर आल्यावर बुवांची माफी मागावी म्हणून मी त्यांच्या मागं गेलो. ते चिंचेखाली गाडीची वाट बघत उभे होते. त्यांनी मला साहेबांचा अहवाल पुन्हा म्हणून दाखवायला सांगितला. कोर्टात उर्दूत वाचला, तो त्यांना नीट समजला नव्हता. मी मराठीत सांगितला. वाळ्याशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"वाळ्याचा वास आला म्हणले ते?"

"व्हय."

"मी तो रस वाळ्याच्या जुडीतून गाळतो," बुवा म्हणाले. "मांडवावर एकच वेल हाय माझा. वर्षाला एक घडा होतो, माझ्यापुरता. सोळा वर्षं झाली. वाळ्याचं माझ्या बायकोलाही ठाऊक न्हाय." मग गाडी आली तरी ते चढेनात. "घाई केलेली नाही, असं लिहिलं त्यांनी? त्यांना माझा रामराम सांगा."

मी सांगितला. साहेबांनी मान हलवली आणि पुढची बाटली मागितली.

त्यानंतर आणखी काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि रोज वैतागलो. वैद्यबुवांचं ते प्रकरण मनातून काढून टाकायला मला फार दिवस लागले. अजूनही मला वाटतं की पांढरीपुढं त्यांनी 'दवा' लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. हे मी त्यांना बोललोही होतो. त्यावर ते म्हणाले होते, "माझं बिघडलं असतं."

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला. त्या दिवसांत धाराशिवात आणि आसपासच्या गावांत मुसलमान घरांवर काय गुजरलं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. कचेरी बंद होती. साहेबांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आज जाऊ, उद्या जाऊ, असं मी म्हणत होतो. बायको म्हणायची, जाऊन या. मी म्हणायचो, जरा शांत होऊ दे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, त्यांच्या दारात कुणी मला पाहील याची.

आठ दिवसांनी गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं. ओट्यावर शेजारच्या दोन शेळ्या बसल्या होत्या. पलीकडच्या म्हातारीला विचारलं तर म्हणाली, परवा गेले, बायकापोरं घेऊन, गाडी करून. कुठं ते तिला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, ते काही बोलले का? ती म्हणाली, कुणी येतंय का म्हणून ते बराच वेळ ओट्यावर थांबले होते.