निळ्या रंगाची हद्द

ओल्या कागदाचा, पातळ गोंदाचा आणि पाण्यात विरघळत्या निळ्या रंगाचा एक थंड वास सुमनताईंच्या भूगोलाच्या खोलीला असे. त्या गेल्याची बातमी भोरच्या आमच्या शाळेत आली, तेव्हा मी मराठीचा तास घेत होते. फळ्याकडे वळले आणि खडूच्या धुळीतून तोच वास आला.

दरवर्षी पावसाळा सरला की भोर-वेल्ह्याच्या गावोगावचा पाऊस ताई नकाशावर रंगवीत. सर्वांत अधिक पावसाला गडद निळा, मग उतरत उतरत फिकट. तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी; रंग मी कालवून देई. एका कोरड्या वर्षीही नकाशा त्याच रीतीने झाला. दुष्काळी काम आधी कोणत्या गावी काढायचे, हे ठरवणाऱ्या बैठकीत तो टांगायचा होता. भोंगवलीच्या अनुसयाबाई वसतिगृहातल्या लेकीला भेटायला आल्या होत्या. नकाशापुढे कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "औंदाबी येवढं निळं? मंग आमच्या हिरीलाच कोरडा खोकला झाला म्हनायचा!" मग आवाज उतरला. "काम न्हाई निगालं तर पोरीला घिऊन जावं लागंल, बाई."

ताईंना चूक उमगली. गडद निळ्याची हद्द त्यांनी त्या त्या वर्षीच्या सर्वाधिक पावसावर बांधली होती. पाऊस आटला तशी हद्दही खाली उतरली, आणि कोरडे वर्ष भरल्या वर्षासारखे दिसू लागले. त्यांनी नवा कागद ताणला. आदल्या, बऱ्या वर्षाच्या नकाशाच्या दोन्ही हद्दी, गडदाची वरची आणि फिकटाची खालची, जशाच्या तशा घेतल्या. खालच्या हद्दीपेक्षा कमी पाऊस असेल तिथे रंगच नाही, कोरा कागद.

नकाशा वाळला, तेव्हा सारोळ्याकडची गावे पांढरी राहिली होती. भोंगवलीचा पाऊस मात्र हद्दीच्या किंचित वर. तिच्यावर निळ्याची पुसटशी साय धरली होती.

"ताई, खालची हद्द जराशी वर घ्या ना. भोंगवलीही कोरी दिसेल."

"आणि मागच्या नकाशाची हद्द कोण सरकवणार? तू?" त्यांनी कुंचला धुवायला घेतला.

बैठकीत आदल्या वर्षाचा आणि हा नवा, असे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लागले. काम आधी कोऱ्या गावांना मिळाले. भोंगवलीचे पुष्कळ उशिरा निघाले. तोवर अनुसयाबाईंना वसतिगृहाची खानावळ झेपेना, तेव्हा ताईंनी मुलीला घरी आणले. ती त्यांच्याच ताटाशेजारी जेवली, त्यांच्याच कंदिलाच्या उजेडात वाचू लागली. ताईंनी याविषयी कोणाकडे शब्द काढला नाही.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले. पांघरुणाबाहेरचा हात कागदासारखा हलका झाला होता. इतकी वर्षे मनात राहिलेले मी शेवटी विचारले, "ताई, त्या दिवशी हद्द सरकवावी, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

त्यांनी माझी बोटे हळूच दाबली.

"वाटलं."