नऊ किलोमीटर आणि अर्धी भाकर

वजन करायचं म्हटलं की मी आधी चपला काढतो, मग कमरेचा पट्टा, मग मोबाइल, किल्ल्या, खिशातला खडूचा तुकडासुद्धा. त्या दिवशी एवढं सगळं टेबलावर मांडून काट्यावर चढलो तर डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता चष्मा राहिलाय. तो काढला तर आकडा दिसणार नाही, एवढाच फायदा."

आकडा शहाण्णव होता. रक्ताचा कागद त्यांच्या हातात होता. साखर काठावर आलीय, म्हणाले.

ते हसत बोलत होते, पण मला काही हसू येईना. आमच्या वडिलांचं, आप्पांचं, असंच सुरू झालं होतं. आधी काठावर, मग गोळी, मग सुई, मग एक दिवस अंगठ्याला साधा फोड, आणि शेवटी उजवा पाय घोट्यापासून काढला. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी. जखम धुतली ती माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. सासरचं घरदार सोडून आठ महिने येऊन राहिली होती ती. मी सुट्टीत यायचो तेव्हा मला त्या पायाकडं बघवत नव्हतं. त्यामुळं डॉक्टरांनी 'काठावर' म्हटलं आणि मी सरळ सांगतो, मी घाबरलो. एक्कावन्नाव्या वर्षी, भर दवाखान्यात, पाय आखडून घेतले.

"तीन महिने देतो," डॉक्टर म्हणाले. "खाणं आवरा, हालचाल वाढवा. उतरलं तर ठीक, नाहीतर गोळी सुरू."

चालायला गुडघे राजी नव्हते आणि पळायला मी राजी नव्हतो. केजसारख्या गावात मास्तर पळताना दिसला की निम्मं गाव विचारतं, कुणाचं काय झालं? राहिली सायकल. ती घरातच होती. आमची लेक लातूरला हॉस्टेलवर गेली तेव्हापासून तिची सायकल जिन्याखाली उभी होती. जांभळ्या रंगाची, मुलींची, पुढं टोपली. बायकोनं ती पुसून दिली, हवा भरून आणली आणि मी बसल्यावर मागं उभी राहून म्हणाली, "अहो, टायर बघा हो. बसलं बिचारं."

पहिल्या दिवशी डेअरीपाशी शाळेतला जुना सोबती भेटला. कॅन खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिला. "काय बे, पगार बंद झाला का काय?" मी म्हटलं, तब्येतीसाठी चालवतोय. तर चार माणसांच्या देखत म्हणाला, "आरं, असं आसंल तर सांग. आमी काय परके हाव का?" आठवडाभर लोकांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी घंटीचा आवाज काढायचं. मी चिडायचो, पण सोडलं नाही. त्या काढून टाकलेल्या पायाची भीती माझ्या रागापेक्षा मोठी होती.

आता सायकल चालवायची तर कुठंतरी जायला पाहिजे ना. नुसतं गोल फिरून परत येणं माझ्यानं होत नाही, ते घाण्याच्या बैलाचं काम. अक्काचं शेत बरोबर नऊ किलोमीटरवर. दाजी जाऊन सहा वर्षं झाली. भाचा पुण्यात कंपनीत. तो दर दिवाळीला आईला चल म्हणतो आणि ती दर दिवाळीला विचारते, गाय काय डब्यात घालून आणू का? तर शेतात दोन खोल्या, एक गाय आणि अक्का, असा तो संसार. म्हटलं, सकाळी सहाला निघावं, अक्काला बघावं, आठपर्यंत माघारी. व्यायाम होईल आणि बहिणीची चौकशीही होईल. एवढा चांगला विचार मी आयुष्यात क्वचित केला असेल.

आमच्याकडं भाऊ बहिणीच्या दारात आला की कोरड्या तोंडानं जात नाही. तो कशासाठी आला, कितव्यांदा आला, काल आला होता का, याला महत्त्व नाही. मी घामानं निथळत सायकल भिंतीला लावली की अक्का म्हणायची, "आलास व्हय? बस. चूल पेटलेलीच हाय." चुलीवरची ज्वारीची भाकर, पापुद्रा सुटलेला, त्या पापुद्र्याच्या आत बोटानं दाबलेलं लोणी. शेंगदाण्याची चटणी. कधी पिठलं. मी पहिल्या दिवशी एकच खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुसरी कधी संपली ते कळलं नाही. "तू पण बस की," मी म्हणायचो. ती म्हणायची, "मी खाते मागून." बाईमाणसानं मागून खायचं, हे आमच्या घरात इतकं मुरलेलं की मीही विचारायचं म्हणून विचारायचो आणि तीही सांगायचं म्हणून सांगायची.

साखरेचं मी तिला सांगितलंच नाही. तिला काळजी लागेल, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आणि ती टोपली! ज्यानं कुणी सायकलला टोपली लावायची काढली, त्याला माझा दंडवत. आठवड्यातून एकदा निघताना अक्का फडक्यात बांधून चार धपाटे टोपलीत ठेवायची. "वैनीला दे." बायकोला द्यायचे म्हणूनच मी निघायचो. पण पाचव्या किलोमीटरला कॅनॉलचा कठडा आहे, तिथं जरा दम घ्यायला थांबायचो, आणि गरम धपाट्याचा वास फडक्यातून येतो हो. एक बघू म्हणून उघडायचं. चौथा उरला की वाटायचं, आता एक काय न्यायचा घरी, बरं दिसत नाही. फडकं घरी नेलं तर प्रश्न येणार, म्हणून मी ते शाळेतल्या माझ्या खणात ठेवायचो.

मी गणित शिकवतो. मोबाइल रोज सांगायचा, आज तुम्ही इतक्या कॅलरी जाळल्या. जाळल्याचा आकडा बघून मी खूष. भरल्या किती, हे मोबाइलनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरी बायको रात्री दुधीची भाजी आणि उकडलेले मूग वाढायची आणि मी मुकाट्यानं खायचो. त्यावरूनच तिला संशय आला, असं ती आता सांगते. "दुधीला बघून तोंड वाकडं न करणारा माणूस माझा नवरा असूच शकत नाही."

तीन महिन्यांनी काट्यावर चढलो. अठ्ठ्याण्णव. साखर काठ ओलांडून पाऊलभर पुढं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, सायकल तुम्हीच चालवता ना?"

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला, तो नेमका बायकोनं उचलला. अक्का विचारत होती, माझी फडकी तिकडंच अडकली का गं? आता बांधायला काही उरलं न्हाई. आणि धपाटे आवडतात का, तिखट तर होत न्हाईत? बायको फोनवर गोड बोलली. "लई छान असतात, अक्का." फोन ठेवला, माझ्याकडं वळली. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून अकरा फडकी घरी आणली. ती ओट्यावर मोजून ठेवून ती म्हणाली, "अकरा गुणिले चार किती, सर?"

मग तिचा आवाज बदलला. "मला आप्पांसारखं तुमचं करायची पाळी आणू नका. मला न्हाई जमायचं ते." आणि आत निघून गेली. अक्काला मी फोन करणार नाही, तुमचं तुम्ही सांगा, हे तिनं आतूनच सांगितलं.

सकाळी गेलो. अक्का परातीत पीठ मळत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, अक्का, मला साखर निघालीय.

तिचा हात थांबला. "कवापासून?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने? आन् मी तुला लोणी घालायले व्हय रं? कावून सांगितलं न्हाईस?"

"तुला काळजी नको म्हणून..."

"काळजीची सवय हाय मला. तुला लोणी पायजे व्हतं, तसं म्हण की!"

खोटं बोलायला मला जागाच ठेवली नाही तिनं. पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात बसली आणि रडायला लागली. "आप्पांचा पाय या हातानं धुतलाय मी. किडे काढलेत. आन् त्याच हातानं तुला..." मला तिथल्या तिथं मेल्यासारखं झालं. मी तिच्याजवळ बसलो. पिठाचा हात तिनं माझ्या पाठीवर दोनदा जोरात मारला. लागलं चांगलं. शाळेत दिवसभर माझ्या शर्टावर पाच बोटं होती.

त्यानंतर जी अक्का मला भेटली ती डॉक्टरांची डॉक्टर. अर्धी भाकर, बिनलोण्याची. वर ताक, तेही पाणी घातलेलं. पालेभाजी चिमूटभर तेलावर. मी चटणीकडं बघितलं की ती चटणीचं भांडं उचलून मांडीखाली ठेवायची. उरलेली अर्धी भाकर टोपल्यात झाकायची, "मी खाते मागून." टोपलीत धपाट्याऐवजी शेतातली मेथी, कच्च्या शेवग्याच्या शेंगा, एकदा तर नुसती कडू कारली. "कॅनॉलवर थांब आन् खा," म्हणाली. मी पोहोचायला उशीर केला तर तिचा फोन यायचा, "कुठल्या हॉटेलात बसलास?" अक्काच्या चुलत सासऱ्याच्या तेराव्याला पंगतीत बसलो होतो तेव्हा जिलेबीचं ताट समोर येईना म्हणून बघतो तर अक्का वाढप्याला लांबूनच हात हलवत होती. त्या पंगतीतून मी भुकेला उठलो, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा झालं असेल.

चिडलो का? चिडलो की! पण रोज गेलो. नऊ जाताना, नऊ येताना. लोकांनी दया करणं सोडलं. जुना सोबती आता डेअरीपाशी ओरडायचा, "काय बे, पँट कुणाची घातलीस?"

सहाव्या महिन्याला तपासणीला अक्का स्वतः आली. जीपमधून, नवी साडी नेसून. मास्तरावर तिचा विश्वास नव्हता, आकडा तिला स्वतः ऐकायचा होता. मी काट्यावर चढलो. सत्त्याऐंशी. साखर काठाच्या आत, चांगली आत. गोळी नको, डॉक्टर म्हणाले. अक्कानं तिथंच माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी गंमत केली. "अक्का, तू पण चढ की. बघू कोण जिंकतंय."

ती लाजली, पदर खोचला आणि चप्पलसकट चढली.

सदतीस.

अक्का आकडा बघून खुदकन हसली. "बघ! न सायकल, न काय." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला खाली बसवलं आणि विचारलं, सकाळी काय खाता? "खाते की. ह्यो गेल्यावर खाते." काय खाता? अक्का माझ्याकडं बघायला लागली. मग पदर तोंडाशी धरून सांगितलं, चहा आन् टोस. दाढा गेल्यात दोन साल झाले. भाकर चावत न्हाई. आणि एकटीसाठी चूल कोण पेटवतंय? दूध डेअरीला जातं.

"आणि माझी अर्धी भाकर?" मी विचारलं. "टोपल्यात झाकतेस ती?"

"गाय खाती."

सहा महिने मी रोज तिच्या चुलीसमोर बसलो होतो. आधी दोन भाकरी खाऊन, मग अर्धीवर कुरकुर करून. चूल पेटत होती ती माझ्यासाठी, लोणी निघत होतं ते माझ्यासाठी. आणि समोर बसलेल्या बाईच्या तोंडात दाढा नाहीत, हे मला दिसलं नव्हतं. 'मागून खाते' म्हणजे खात नाही, हा अर्थ माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही. अक्का मात्र मलाच समजावत होती, आरं, तुझं उतरलं ना, मग झालं तर.

आता मी जातो तेव्हा भाकर दोघांची होते. माझी अर्धी, तिची एक, दुधात कुस्करलेली, वर लोणी. ती खाल्ल्याशिवाय मी अर्धीला हात लावत नाही. पहिले काही दिवस ती भिंतीकडं तोंड करून जेवली. भावासमोर जेवायची लाज वाटते म्हणाली. मी म्हटलं, वाटू दे. कवळी बसवायचं चाललंय. तोवर एकेक घास तोंडात घोळवते आणि मी बसून राहतो. सध्या चाळीसवर आलीय.

शनिवारी शाळा सकाळची असते. परवा प्रार्थना संपल्यावर पोहोचलो. हेडमास्तर फाटकातच उभे होते, घड्याळ दाखवत.

"काय हो, उशीर?"

"बहीण जेवत होती, सर."

"मग?"

"मग काय. हळू जेवते ती."