वहीत नसलेलं तिसरं कडवं

मंडळी, आज दुपारी शाळेत जे घडलं ते आत्ताच लिहून टाकते.

मी मध्य प्रदेशातल्या, नागपूरला लागून असलेल्या सौंसरच्या एका शाळेत गाणं शिकवते. आज स्नेहसंमेलनात माझ्या पोरींनी शाळेची जुनी मराठी प्रार्थना म्हटली. शाळेच्या जुन्या वहीत तिची दोनच कडवी सापडली होती. ती संपली, मी पेटी थांबवली, टाळ्या सुरू झाल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक पाहुणे उठले. जवळच्या रामाकोना गावचे, संत्र्याची बाग असलेले आजोबा, वय ऐंशीच्या पुढं, याच शाळेत शिकलेले.

"थांबल्या काहून पोरीहो? अजून एक कडवं आहे ना!"

आणि स्वतःच गायला लागले. आवाज कापत होता, पण शब्द एकही चुकला नाही.

मग म्हणाले, "छप्पन साली नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो, तवा प्रार्थना हिंदी झाली. हे कडवं मास्तरनं तोंडीच शिकवलं होतं, लिहायचं राहूनच गेलं. तवापासून वावरात एकटाच गाऊन राहिलो."

पोरी रडल्या, मीही रडले. पण पेटी पुन्हा ओढली आणि तिन्ही कडवी पहिल्यापासून घेतली. या वेळी आजोबा पोरींच्या रांगेत उभे होते.

नंतर वहीत तिसरं कडवं त्यांच्याच हातानं लिहून घेतलं.

तुमच्या घरीही कोणाला असं काही तोंडपाठ असेल ना? मग कशाची वाट पाहून राहिले?