हातांची थरथर

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे बाइंडरदादा म्हणत. धंदा पुस्तकबांधणीचा. शाळांची रजिस्टरं, जुनी पवित्र शास्त्रं, कुणाच्या आजोबांची गीतपुस्तकं, जे जे सुटं झालं ते त्यांच्या दुकानात यायचं आणि शिवून, खळ लावून, दाबाखाली दोन दिवस राहून ताठ होऊन परत जायचं. पण त्यांचं नाव झालं ते प्रार्थनेमुळे. रविवारी पाळकसाहेबांनी "बाइंडरदादा, प्रार्थनेत चालवा," असं म्हटलं, की आया पोरांना मांडीवर आडवं करत आणि म्हातारे पाठ टेकून नीट बसून घेत. आता लवकर सुटका नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं, प्रवासाला निघालेले, कुणी म्हणून त्या प्रार्थनेतून सुटत नसे. आणि एवढ्या वेळात एक शब्द अडखळेल तर शपथ.

उपासना झाली की मागच्या खोलीत ते वर्ग घेत. विषय एकच, आत्मिक वाढ कशी ओळखावी. फळ्यावर सात खुणा लिहिलेल्या असत आणि दादा खडू हातात धरून एकेक समजावून सांगत. "कोण वाढलंय आणि कोण खुंटलंय, ते मला नुसत्या बाकावर बसण्यावरून कळतं," असं ते म्हणायचे. नवल म्हणजे लोक ते वहीत उतरवून घ्यायचे.

या माणसाला एक धाकटा भाऊ होता. तोही दुकानातच शिलाईला बसायचा. छापील कागदांचे घडी घातलेले फर्मे एकावर एक रचायचे आणि पाठीतून सुई घालून ते एकमेकांना बांधायचे, हे त्याचं काम. हात इतका साफ की उसवायची वेळ येत नसे. पण तो प्यायचा. दोनदा सोडतो म्हणाला आणि दोन्हीदा पुन्हा त्याच वाटेला लागला. दादांनी त्याच्यासाठी किती प्रार्थना केल्या याची गणती नाही. त्याच्याशी किती बोलले, त्याची मात्र गणती सहज झाली असती.

अकरा वर्षांपूर्वी एका आठवड्यात धाकट्याच्या हातांना असा कंप सुटला की सुईत दोरा जाईना. डोळे लालभडक, बसल्या जागी घाम, जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा. त्यानं दोन फर्मे उलटे शिवले. दादांनी ते मुकाट्यानं उसवले. काय रे, काय होतंय, एवढंसुद्धा विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सगळं चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि दादांना तर वाचता येत होतं.

त्या रविवारी धाकटा कितीतरी महिन्यांनी उपासनेला आला. शेवटच्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. दादांनी समोरून ते पाहिलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला बोलावलं. नेहमीचे आजारी आणि विधवा झाल्यावर दादांचा आवाज चढला.

"हे दयाळू पित्या, आज तुझ्या मंदिरात एक जण नशेत येऊन बसलाय. तो माझ्याच रक्ताचा आहे, हे सांगताना मला लाज वाटते. त्याच्या हातातला पेला तू काढून घे."

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. त्या क्षणी सगळ्यांचे उघडले आणि सगळ्या माना मागे वळल्या. धाकटा उठला, बाकाला एकदा अडखळला आणि बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी दुकानातून आपल्या सुया घेऊन गेला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागला. पुढे अकरा वर्षं दोघं भाऊ एकाच गावात राहिले आणि एकमेकांना पाहून रस्ता बदलत राहिले.

भावाला असं चारचौघांत उघडं पाडलं म्हणून कुणी दादांना बोललं का? छे! स्वतःच्या भावाचीही गय केली नाही म्हणून त्यांचं वजन वाढलं. फळ्यावरच्या खुणांपैकी एक समजावताना ते हा प्रसंग नाव न घेता सांगतही असत. आत कुठेतरी मात्र खुपत होतं. ते कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे चालून गेलं.

मग धाकट्याच्या बायकोचा निरोप आला. यकृत गेलंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, दिवस थोडे आहेत, दादांना बोलावतायत. यकृत म्हटल्यावर दादांनी मान हलवली. बघा, सोडली नाहीच शेवटपर्यंत. पण त्याच दिवशी हातातलं काम बाजूला ठेवून ते बराच वेळ स्टुलावर नुसते बसले. भाऊ जाणार होता. त्याआधी त्याला एक वाक्य सांगायचं होतं. 'मी चुकलो, तुला लोकांसमोर तसं बोलायला नको होतं.' बस, एवढंच. इतकी वर्षं तासतास बोलणाऱ्या माणसानं हे एवढंसं वाक्य दोन दिवस घोकलं. जिना चढतानाही ते ओठांवरच होतं.

तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. खिडकीशी पलंग, पलंगावर पिवळा पडलेला धाकटा, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या झालेले. भावजयीनं खुर्ची ओढून दिली. धाकट्यानं डोळे उघडले.

"दादा, आलास. बरं झालं. बस." थोडा दम खाऊन तो म्हणाला, "माझ्याशी जरा बोल."

भाऊ सरळ डोळ्यांत बघत होता. तसं कुणी बघायला लागलं की काय करायचं असतं, हे दादांना कधी जमलंच नव्हतं. घोकलेलं वाक्य काही बाहेर आलं नाही.

"बोलू की," ते म्हणाले. "आधी प्रार्थना करू."

डोळे मिटले आणि लगेच बरं वाटलं. शब्द नेहमीसारखे भराभर येऊ लागले. त्या प्रार्थनेत त्यांनी क्षमाही मागितली, नाही असं नाही. 'आम्हा दोघा भावांच्या चुका पदरात घे,' असं म्हणाले. दोघा भावांच्या! आपल्या एकट्याच्या चुकीचा भार त्यांनी तिथेही अर्धा वाटून दिला. मध्येच कुणीतरी बाही ओढल्यासारखं वाटलं. भाऊ हेलावला असेल असं समजून त्यांनी आवाज आणखी चढवला. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा धाकटा निपचित पडला होता.

"शांत झोपला," दादा समाधानानं म्हणाले. "उद्या येतो, मग निवांत बोलू."

धाकटा त्या झोपेतून उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

मातीला लोक बरेच जमले. दादांनी सुंदर प्रार्थना केली, असं सगळे म्हणाले. चार दिवसांनी ते भावजयीकडे गेले. ती पलंगाची चादर घडी करत होती.

"माझं त्याच्याशी बोलायचं राहून गेलं गं," दादा म्हणाले.

"त्यांचंही राहिलं." तिनं चादर ठेवली. "तुमची बाही कोण ओढत होतं वाटलं तुम्हाला? तेच ओढत होते. दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला नाही त्यांना."

दादांनी आपल्या बाहीकडे पाहिलं.

"ऐका आता. ते सांगणार होते, मीच सांगते. त्या रविवारी ते प्यालेले नव्हते. सोडून नववा दिवस होता. नऊ दिवस घोटभर नाही. म्हणून हात थरथरत होते, भावोजी. सोडली की थरथरतात. रात्र रात्र झोप नव्हती, म्हणून डोळे लाल. मी म्हटलं दादांना सांगा. तर म्हणाले, दोनदा तोंडघशी पडलोय, महिना भरू दे, मग सांगतो. त्या दिवशी आपल्या पायांनी देवळात आले होते. कुणी ओढून आणलं नव्हतं."

"आणि... नंतर?"

"नंतर काय? घरी आले. मला वाटलं, आता जातात गुत्त्यावर. नाही गेले. अकरा वर्षं नाही गेले. यकृत आधीच खराब झालेलं, ते शेवटी नडलं."

"मग मला एकदा तरी सांगायचं होतंत!"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली. "तुम्ही देवाला सांगत होतात."

दादा खाली बसून म्हणाले, "मी चुकलो. मला माफ कर." घोकलेलं वाक्य निघालं, पण ज्याच्यासाठी होतं तो आता नव्हता. भावजयीनं मान हलवली.

"माझी माफी मागू नका, ती माझ्याकडे नाही. ज्यांच्यासमोर त्यांना दारुडा म्हणालात, त्यांच्यासमोर सांगा. माणूस गेला, निदान नाव तरी धुऊन द्या."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे दादांना प्रार्थनेला बोलावलं. आयांनी पोरं आडवी केली. दादा उठले, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"आज मी देवाशी बोलणार नाही. तुमच्याशी बोलायचंय." मग ते प्रथमच अडखळत बोलले. हात का थरथरत होते ते सांगितलं. नऊ दिवस सांगितले, अकरा वर्षं सांगितली. "मी वाढीच्या खुणा शिकवतो. माझ्या शेजारच्या स्टुलावर माणूस रक्ताचं पाणी करून वाढत होता आणि मी त्याला देवाच्या नावानं दारुडा ठरवलं. मी खोटं बोललो. तो प्यालेला नव्हता. एवढंच लक्षात ठेवा, दुसरं काही नको."

मग कुणीतरी हुंदका दिला. पाळकसाहेबांनी पुढे होऊन दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते भरल्या आवाजात म्हणाले, "बंधुभगिनींनो, पाहिलंत? याला म्हणतात नम्रता. हीच आत्मिक वाढीची खूण."

बाहेर पडताना लोकांनी दादांना घेरलं. कुणी हात दाबला, कुणी डोळे पुसले. एक जण म्हणाला, फळ्यावर आठवी खूण लिहायला हवी. दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते. धाकट्याचं नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. आजही सगळं श्रेय त्यांच्याच पदरात पडलं होतं, भावाच्या जिवावर.

उपासनेत बाजाच्या पेटीशेजारी बसणाऱ्या आजी काठी टेकत पुढे आल्या. "किती वाढलात हो आत्म्यात! मन भरून आलं माझं."

"आजी, माझं राहू द्या," दादा काकुळतीनं म्हणाले. "माझ्या भावाबद्दल बोला काहीतरी."

आजींनी कपाळाला आठ्या घातल्या, आठवून पाहिलं.

"कोण बरं? तो पिणारा?"

दादांनी आजींचा हात धरला, त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.