डावीकडची जास्वंद

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, कारण ते तुम्ही पाळणार नाही. पण सोळा सोमवार करणाऱ्या एका बाईने आपल्याच लेकीची नोकरी कशी धोक्यात आणली, ते ऐकाच!

यांच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात, गार्डन रीचला राहतो. आमची ईशा न्यू टाउनच्या एका कंपनीत गेम बनवते. तालावर खेळायचा गेम. गाणं वाजतं, पडद्यावर खाली देवीची पावलं, आणि वरून डावी-उजवीकडून जास्वंदी येतात. फूल पावलांशी पोचलं की नेमक्या ठोक्याला त्यावर बोट टेकवायचं. कुठलं फूल कुठे आणि कधी सोडायचं, ते ईशा ठरवते. हा तिचा पहिलाच स्वतंत्र टप्पा. पसंत पडला तरच नोकरी कायम!

"कुठेही सोडली फुलं, तर काय बिघडलं गं?" मी विचारलं.

"वा! एकावर एक आली तर दिसतील का? हाताशी येण्याआधी फूल डोळ्यांना कळलं पाहिजे. न कळता चुकलं, तर चूक माझी. खेळणाऱ्याची नाही."

केवढं मोठं मन! देवानेही माणसांसाठी असाच नियम केला असता तर?

"तूच खेळून बघ ना, आई. कधीच न खेळलेलं माणूस हवंय. मी काही शिकवणार नाही. रोज टॅबवर खेळ, कुठे चुकतेस ते आम्हाला ऑफिसात आपोआप दिसतं."

झालं! रोज पूजा आटोपली की मी टॅबपुढे.

चार दिवसांनी ईशा कपाळाला हात लावून बसली. "उजवीकडची सगळी बरोबर, डावीकडची निम्मी चुकतात! दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात की. चांगली टपोरी आहेत."

"मग?"

"पोचायला उशीर होतो गं."

खोटं नव्हतं हो ते!

दुसऱ्या दिवशी डावीकडची फुलं कोबीएवढी झाली. मग पिवळी झाली. मग त्यांच्यातलं अंतर दुप्पट झालं. ईशाच्या ऑफिसातल्या जोडीदाराने, शुभोने, वहीत नियमच लिहिला: उजव्या फुलानंतर डावं फूल पूर्ण एक ठोका सोडूनच. माणसाची नजर डावीकडे उशिरा वळते म्हणे! मलाही कुतूहल वाटलं. मी यांच्या डाव्या बाजूला पोह्यांची बशी धरून पाहिली. नजर लगेच वळली. पण एका माणसावरून काय ठरवायचं?

इकडे गाणं चक्क लंगडायला लागलं. ईशाच्या साहेब मधुमितादींनी पाहिलं आणि विचारलं, "ये किसके लिए बनाया?"

"आईसाठी," ईशा पुटपुटली.

"तो माँ को बुलाओ!"

मी नवी साडी नेसून, दह्याची कवडी तोंडात टाकून न्यू टाउनला गेले. सगळे माझ्याभोवती उभे. मी खेळायला लागले. एकेक जण पडदा सोडून माझ्याकडेच बघायला लागला.

"काकिमा," मधुमितादी म्हणाल्या, "आपका बायाँ हाथ कहाँ है?"

"गोद में."

"क्यों?"

"देवी के फूल हैं ना! उलटे हाथ से कैसे चढ़ाऊँ?"

ईशाने डोळे मिटले. "आई... दोन आठवडे तू एकाच हाताने...?"

"तूच म्हणालीस, शिकवणार नाही!"

शुभो बिचारा फार नम्र मुलगा. म्हणाला, "काकिमा, आपके यहाँ पुष्पांजलि कैसे देते हैं?"

आता हे काय विचारणं झालं? आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणतच वाढले मी! मोठ्या उत्साहाने ओंजळ करून दाखवली.

सगळे माझ्या ओंजळीकडे बघत होते. मग मीही बघितलं. डावा हात अगदी उजव्याला चिकटून बसला होता.

"पहले वाला लगाओ," मधुमितादींनी सांगितलं. ईशाची मूळची रचना लावली. मी दोन्ही हात सरसावले. डावीकडचं एकही फूल चुकलं नाही! उजवीकडची मात्र सगळी गेली. सगळं लक्ष डाव्या हाताकडेच ना!

शुभोने घाबरत वही पुन्हा उघडली. मधुमितादींनी ती तिथेच मिटली आणि निकाल दिला.

ईशाची नोकरी कायम. मला काढून टाकलं.