एकास बारा

आयुष्यात योग्य वळण मिळणं, यापेक्षा मोठी गोष्ट नाही. आमच्या रायपूरच्या घरात त्या वळणाची लांबी दीड फूट भरली.

वडील रेल्वेत रुळांचे निरीक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी खेळण्यातली रेल्वे मांडायला घेतली. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही. मागच्या खोलीत आठ बाय चारचं प्लायवूड, त्यावर लांबट गोल रूळ, पुढच्या बाजूला छोटं स्टेशन. दोन गाड्या, प्रत्येकीला तीन डबे, इंजिनासकट लांबी सव्वातीन फूट. इच्छा एकच: एक गाडी बाजूच्या लाईनवर थांबावी आणि दुसरी तिच्या शेजारून निघून जावी. हे पाहायला त्यांनी पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी दोन जुने सोबती बोलावून ठेवले होते, एक स्टेशनमास्तर आणि एक गार्ड. पॉइंट अजून घ्यायचे होते.

पॉइंट म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा जोड. आखूड असला की गाडी झटकन वळते, लांब असला की अलगद. मी दोन्हींचे नकाशे बूढापाऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून खऱ्या मापात छापून आणले आणि प्लायवर ठेवले. आखूड नऊ इंचांचा, लांब दीड फुटाचा. स्टेशनसमोर सरळ जागा पाच फूट, आणि पॉइंट लागणार दोन.

"आखूड घेऊ," मी म्हणालो.

"हा मालगाडीच्या यार्डातला झाला. पॅसेंजरले एकास बाराच लागते."

एकास बारा म्हणजे बारा पावलं पुढे, तेव्हा एक पाऊल बाजूला. दीड फूट तिथून आला होता.

"बाबा, यात पॅसेंजर कुठे आहेत?"

"मग डब्याले खिडक्या काहून आहेत? तू मले पॉइंट शिकवून राहिला का?"

नोकरीत त्यांच्या पॉइंटवर एकही गाडी घसरली नव्हती. ती आता त्या दोघांदेखत, तीही प्लायवर, घसरली असती तर त्यांनी पुन्हा कुणाला घरी बोलावलं नसतं.

बायको चहा घेऊन आली. ती इथल्याच जुन्या मराठी घरातली. रेल्वेशी तिचा संबंध तिकिटापुरता. कागद पाहून म्हणाली, "पण बाबा, गाडी उभी कुठे राहील?"

"लाईनवर."

पाच फुटांतले तीन पॉइंटांत गेले की उभं राहायला उरत होते दोन, आणि माझ्या हातात टेप होता. तो मी खिशात ठेवला आणि दीड फुटाचे दोन पॉइंट मागवले.

ठरल्या रविवारी दोघे आले. गार्ड उकिडवे बसले आणि पॉइंटला डोळा लावून म्हणाले, "वा, एकास बारा." वडिलांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पहिली गाडी पॉइंटवरून गेली, डबा हललासुद्धा नाही. बाजूच्या लाईनवर ती थांबली. वडिलांनी दुसऱ्या गाडीचा रिमोट उचलला.

"रुको भैया," स्टेशनमास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून आगपेटी काढली आणि दोन रूळ जिथे फार जवळ येतात तिथे एक काडी आडवी ठेवली. "काडीच्या आत गाडी पाहिजे. आपके दो डब्बे बाहर हैं. मैं लाईन क्लियर नहीं देता."

"अहो मास्तर, हे घरातलं आहे," वडील म्हणाले.

"म्हणून काय घरात धडकवता?" गार्डने विचारलं.

नियमाशी वाद घालायची सवय वडिलांना नव्हती. नियमावर बोट ठेवूनच त्यांनी मला गप्प केलं होतं. त्यांनी मागचे दोन डबे सोडवले आणि हाताने उचलून दिवाणावर ठेवले. स्टेशनमास्तरांनी मान हलवली. दुसरी गाडी शेजारून निघून गेली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांकडे पाहिलं नाही, तेवढा आदर आमच्या घरात आहे.

काहीही घसरलं नाही. आमची एक पॅसेंजर आता एका डब्याची आहे. उरलेले दोन डबे टीव्हीखालच्या कपाटात असतात.