वाटी घेणारे हात

मेंदूबद्दल काळाचौकीत माझ्याएवढं कुणालाच कळत नाही. मी सातवी नापास, आणि जे कळतं ते सगळं शेजारच्या ताईने गॅलरीत उभ्याउभ्या सांगितलेलं. त्यातलंही निम्मं विसरलो. पण विसरण्यात ताईपुढे आपण कोण? माणसं का विसरतात हे शोधायचा तिला पगार मिळतो, आणि तिच्याएवढी विसराळू बाई आख्ख्या गिरणगावात सापडायची नाही. एकदा लॅबमध्ये गेली ती एक चप्पल स्वतःची, एक माझी घालून. मला कळलं संध्याकाळी. दिवसभर मी उरलेली जोडी घालून मंडळाचा मांडव बांधत होतो, आणि दुखतोय म्हणून पायालाच शिव्या देत होतो.

दुधाचं तर विचारू नका. गॅसवर दूध ठेवायचं आणि बाहेर येऊन मला प्रोटीन समजवायचं, हा तिचा नेहमीचा कार्यक्रम.

"ताई, दूध उतू गेलं."

"जाऊ दे रे, त्यातही प्रोटीनच होतं."

तिचे उंदीर तिकडे लॅबमध्ये हौदात पोहतात आणि पाण्याखाली लपवलेला पाट शोधतात. ज्याला जागा आठवते तो सरळ पाटावर. मी म्हटलं, आमच्या चाळीतले घेऊन जा, ते पाटासकट हौद विकून येतील. ती हसली नाही. उंदरांची चेष्टा तिला चालत नाही. एखादा गेला की त्या दिवशी जेवत पण नाही.

मग माझी आई विसरायला लागली. आधी गॅस, मग देवाचा दिवा, मग मी. ताईला विचारलं, नक्की बिघडतं काय? तिने तिच्या दाराकडे बोट केलं, मग आमच्या.

"मेंदूतल्या पेशींचं असंच असतं. शेजारी शेजारी, पण मधे फट. एकीने वाटी पुढे करायची, दुसरीने घ्यायची. मी ज्या प्रोटीनवर काम करते ना, ते म्हणजे हे देणारे-घेणारे हात. या आजारात घर पडायच्या आधी हात जातात."

"औषध कधी येणार?"

ताईला खोटं बोलता येत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण. म्हणाली, "येईल. काकूंच्या वेळेला नाही येणार."

आत दूध करपल्याचा वास आला. दोघंही हललो नाही.

पण आईची वाटी काही चुकली नाही. ताई लॅबमधून घरी आली की आई वाटीत काहीतरी भरते आणि शेजारी नेते. आधी कुळथाची पिठी असायची. परवा माझ्या शर्टाची बटणं होती. ताईने दोन्ही हातांनी घेतली, म्हणाली, "काकू, मीठ बरोबर पडलंय." आणि शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून साखर घालून परत दिली. स्वतःची चप्पल विसरते, हे कधी विसरत नाही.

मला काय पाहिजे? आईने एकदा नावाने हाक मारावी. बस. त्यासाठी तिच्यासमोर रोज नकला करतो. काल तर तिचीच केली. टॉवेलचा पदर खोचला, भरलेली वाटी हातात घेतली, कमरेवर हात ठेवून ठुमकत फिरलो. दारात ताई उभी. आई माझ्याकडे बघत राहिली, लय वेळ. मला वाटलं, आता.

आई ताईकडे वळली. "ह्यो कोण गो? नुसतो नाचता."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उभो कित्याक रवलंस? वाटी काय तुझो बापूस नेऊन देतलो?"